कॉन्सल म्हणजे विचारणारा

परदेशांत युद्ध पेटलें, भूकंप झाला, किंवा एखाद्या भारतीय माणसास दूरच्या मुलखांत अटक झाली, कीं बातम्यांत एक शब्द हटकून कानीं पडतो. तो शब्द म्हणजे कॉन्सल. आपल्या कॉन्सलनें चौकशी केली, कॉन्सलच्या कचेरींत नांवें नोंदवावीं, कॉन्सलला कैद्याची भेट नाकारण्यांत आली, अशा प्रकारचीं तीं वाक्यें असतात. मराठींत या अधिकाऱ्यास आपण वाणिज्यदूत म्हणतों. परंतु ज्यानें शाळेंत रोमचा इतिहास वाचला आहे, त्याच्या डोळ्यांपुढें हा शब्द ऐकतांच निराळेंच चित्र उभें राहतें. जांभळ्या कांठाचा पांढरा झगा पांघरलेला एक गंभीर पुरुष, त्याच्यापुढें खांद्यावर काठ्यांच्या मोळ्या घेऊन चालणारे बारा शिपाई, आणि दोन्ही बाजूंस अदबीनें वाट करून देणारे लोक. हा पुरुष सेनेटची सभा बोलावितो, फौजा चालवितो, हॅनिबलासारख्या शत्रूशीं झुंजतो. हरवलेल्या पासपोर्टाची नोंद करणारा तोहि कॉन्सल आणि फौजा चालविणारा हाहि कॉन्सलच! एकच नांव या दोघांना कसें मिळालें, आणि तें मुळांत आलें कोठून, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. तेव्हां शब्दाची फोड केल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं, हें आपण समजून घ्यालच.

प्रथम रोमकडे वळूं. परंपरेप्रमाणें इ. स. पूर्व ५०९ या वर्षीं रोमच्या लोकांनीं आपला शेवटचा राजा टार्क्विनियस यास हांकून दिलें. राजा गेला, पण राजसत्तेचें करावयाचें काय, हा प्रश्न उरला. फौज कोणी तरी चालविलीच पाहिजे, न्याय कोणी तरी दिलाच पाहिजे, देवांचे नवस कोणी तरी फेडलेच पाहिजेत. रोमन लोक मोठे व्यवहारी. त्यांनीं त्या सत्तेचे तुकडे केले नाहींत. ती जवळजवळ होती तेवढीच ठेविली. मात्र तिला दोन बांध घातले. पहिला बांध असा कीं, ती एकाच्या हातीं न देतां दोघांच्या हातीं द्यावयाची, आणि ती अर्धी अर्धी नव्हे, तर दोघांनाहि पुरीच द्यावयाची. एकानें कांहीं करूं म्हटलें आणि दुसऱ्यानें नको म्हटलें, तर त्या दोहोंत नकार वरचढ. दुसरा बांध कालाचा. मुदत बरोबर एक वर्ष. तें संपलें कीं दोघेहि इतरांसारखे नागरिक होत आणि अधिकारावर असतांना केलेल्या कृत्यांबद्दल त्यांच्यावर फिर्याद करतां येई. सत्ता मोठी असावी, पण ती धरणारा हात एकटा नसावा आणि कायमचा नसावा, असा हा विचार होता.

या दोघांना आरंभीं मात्र कॉन्सल म्हणत नसत. लिव्ही नांवाच्या रोमन इतिहासकारानें नमूद करून ठेविलें आहे कीं, जुन्या काळीं त्यांना प्रीटर म्हणण्याची चाल होती. प्रीटर म्हणजे पुढें चालणारा. आपल्या मराठींत याला नेमका शब्द आहे. तो म्हणजे पुढारी. सैन्याच्या अग्रभागीं जो चालतो तो पुढारी. शेजारच्या टोळ्यांशीं दरसाल लढणाऱ्या लहानशा नगरास शोभेल असेंच हें नांव होतें. पुढें या जोडीला कॉन्सल हें नांव रूढ झालें, आणि इ. स. पूर्व ३६७ च्या कायद्यांनीं न्यायदानासाठीं जो एक निराळा, पायरीनें खालचा अधिकारी निर्माण केला, त्याला प्रीटर हें जुनें नांव मिळालें.

कॉन्सल या नांवाची व्युत्पत्ति काय? वॅरो नांवाचा एक मोठा विद्वान् रोममध्यें इ. स. पूर्व ११६ ते २७ या काळांत होऊन गेला. तो म्हणतो कीं, जो लोकांना आणि सेनेटला विचारतो तो कॉन्सल; कॉन्सुलेरे, म्हणजे विचारणें, सल्ला घेणें, या क्रियापदावरून हें नांव पडलें. सिसेरोनेंहि हीच उपपत्ति धरून तीन नांवें एका ओळींत बसविलीं आहेत. पुढें चालतात म्हणून प्रीटर, न्याय देतात म्हणून न्यायाधीश आणि विचार घेतात म्हणून कॉन्सल. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत मॉमसेन या जर्मन इतिहासकारानें निराळी फोड सुचविली. 'कॉन्' म्हणजे बरोबर, आणि 'सल्' हा भाग उडी मारणें या अर्थाच्या धातूपासून आलेला. म्हणजे कॉन्सल हे बरोबरीनें पाऊल टाकणारे सोबती. त्या पदावर नेहमीं दोघे असत, ही गोष्ट या फोडींत छान बसते. आणखी एक मत असें कीं, मूळ धातूचा अर्थ गोळा करणें असा असावा. सेनेटला एकत्र जमविणारा तो कॉन्सल. आतां या तिन्ही मतांकडे बारकाईनें पाहिलें, तर एक गोष्ट ध्यानांत येईल. जमविणारा घ्या, सोबती घ्या, कीं विचारणारा घ्या, एकटा माणूस यांपैकीं कांहींच होऊं शकत नाहीं. पुढारी एकटा असूं शकतो. विचारणाऱ्याला मात्र दुसरा माणूस लागतोच.

ग्रीक लोकांनीं या पदासाठीं जो शब्द योजला तो ताडून पाहण्याजोगा आहे. त्यांनीं कॉन्सलला 'हुपातोस' म्हटलें. म्हणजे सर्वांत वरचा. दुरून पाहणाऱ्याला पदाची उंची दिसली. रोमन माणसानें मात्र आपल्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यास उंचीवरून नांव दिलें नाहीं, त्याच्या कर्तव्यावरून दिलें.

लॅटिन भाषेंत या कॉन्सुलेरे क्रियापदाची एक खुबी आहे. त्याचें कर्म द्वितीया विभक्तींत असलें, तर अर्थ होतो त्या माणसाचा सल्ला घेणें. आणि तोच शब्द चतुर्थींत घातला, तर अर्थ होतो त्या माणसाचें हित पाहणें. आपल्या मराठींत द्वितीया व चतुर्थी यांचे प्रत्यय सारखेच असल्यामुळें हा भेद आपल्याला प्रत्ययानें दाखवितां येत नाहीं. पण मराठीनें तें काम दुसऱ्या रीतीनें साधलें आहे. मनांत तोलून पाहणें म्हणजे विचार करणें. दुसऱ्याचें मत घेणें म्हणजे विचारणें. आणि दुसऱ्याच्या सुखदुःखाची वास्तपुस्त करणें म्हणजे विचारपूस करणें. एकाच विचार शब्दाचीं हीं तीन रूपें, आणि कॉन्सुलेरेच्या पोटांतहि नेमके हेच तीन अर्थ. मला असें वाटतें कीं, कॉन्सल या पदाचा अडीच हजार वर्षांचा इतिहास म्हणजे या तीन अर्थांचाच इतिहास होय. जोंवर कॉन्सल विचारीत होता तोंवर तें पद जिवंत होतें; विचारणें बंद पडलें तेव्हां त्याचें नुसतें नांव उरलें; आणि विचारपूस करूं लागल्यावर तें पुन्हा जगलें. आतां हें उदाहरणांनीं पाहूं.

रोमची परंपरा सांगते कीं पहिले कॉन्सल दोन, ल्यूसियस जूनियस ब्रूटस आणि ल्यूसियस टार्क्विनियस कोलाटिनस. दुसऱ्याच्या नांवांतच हांकलून दिलेल्या राजाचें कुलनाम होतें. लोकांना तें सोसेना. त्याच्यावर गुन्हा कांहींच नव्हता. तरीहि लोकांची भीति पाहून त्यानें अधिकार सोडला व तो रोममधून निघून गेला. ब्रूटसवर त्याहून कठीण प्रसंग आला. राजाला परत आणण्याच्या कटांत त्याचे स्वतःचे मुलगे सांपडले, आणि कॉन्सल या नात्यानें त्यांच्या देहान्त शिक्षेची अंमलबजावणी त्याच्यासमक्ष झाली. कोलाटिनसच्या जागीं आलेल्या व्हॅलेरियसची गोष्टहि अशीच बोधप्रद आहे. तो टेंकडीच्या माथ्यावर घर बांधीत होता. हा राजवाडा तर नव्हे, अशी कुजबूज त्याच्या कानीं आली, आणि त्यानें तें घर पाडून टेंकडीच्या पायथ्याशीं बांधलें. लोकसभेपुढें येतांना तो आपल्या शिपायांना काठ्यांच्या मोळ्या खालीं झुकवावयास लावी. या कथांचा शब्दन् शब्द इतिहास आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु रोमन पिढ्यांनीं आपल्या मुलांना कॉन्सल कसा असावा म्हणून हेंच सांगितलें, एवढें त्यांचें मोल आहेच.

त्या काठ्यांच्या मोळींत एक कुऱ्हाड असे. काठी फटक्यांची खूण, कुऱ्हाड देहान्त शिक्षेची. नगराच्या पवित्र सीमेच्या आंत मात्र ती कुऱ्हाड मोळींतून काढून ठेवावी लागे. कारण असें कीं, नगराच्या आंत रोमन नागरिकास ठार मारण्याची शिक्षा झाली, तर त्याला लोकसभेकडे दाद मागण्याचा हक्क होता. शिवाय मोळ्यांचा मान दोघा कॉन्सलांमध्यें महिन्याच्या पाळीनें फिरे. खूणसुद्धां सांगे कीं ही सत्ता पाळीची आहे, पिढीजात नव्हे.

आरंभीं हें पद कुलीनांच्या ताब्यांत होतें. सामान्य लोकांनीं त्यासाठीं दीर्घ काळ झगडा केला. इ. स. पूर्व ३६७ मध्यें लिसिनियस व सेक्स्टियस या दोन लोकनायकांनीं कायदा संमत करून घेतला, आणि दुसऱ्या वर्षीं त्यांपैकीं सेक्स्टियस हाच सामान्य वर्गांतील कॉन्सल झाला. म्हणजे कोणाला विचारावयाचें याची कक्षा वाढली, तशी विचारणारा कोण असावा याचीहि वाढली.

रोममध्यें वर्षांना आंकडे नसत, नांवें असत. अमुक आणि अमुक हे कॉन्सल असतांना, असें म्हटलें कीं वर्ष कळे. दारूच्या रांजणावरहि कॉन्सलचें नांव लिहीत. ओपिमियस कॉन्सल असतांनाची, म्हणजे इ. स. पूर्व १२१ ची दारू फार नांवाजलेली होती. आणि आपल्या रोजच्या व्यवहारांत कॉन्सलांची एक आठवण अद्याप आहे, ती फारच थोड्यांना ठाऊक असते. पूर्वीं कॉन्सल १५ मार्चला अधिकारावर येत. इ. स. पूर्व १५३ मध्यें स्पेनांत लढाई पेटली. नव्या कॉन्सलनें वेळेवर तेथें पोंचावें म्हणून त्याला १ जानेवारीलाच अधिकार दिला, आणि तीच चाल कायम झाली. कॉन्सलांच्या नांवानेंच वर्ष ओळखलें जात असल्यामुळें वर्षहि १ जानेवारीपासून धरूं लागले. आज भिंतीवरची दिनदर्शिका आपण ज्या दिवशीं बदलतों, तो दिवस स्पेनच्या त्या लढाईनें ठरविला आहे.

दोन धन्यांच्या कारभारांत धोका नव्हता काय? होता, आणि रोमनें त्याची किंमत मोजली. इ. स. पूर्व २१६ मध्यें कॅनीच्या मैदानावर हॅनिबलापुढें दोन्ही कॉन्सल हजर होते. एक पॉलस आणि दुसरा व्हॅरो. आधीं ज्या विद्वान् वॅरोचें नांव घेतलें, त्याच्याहून हा निराळा. सेनापतित्व एक दिवसाआड बदले. पॉलस थांबूं म्हणे, व्हॅरो लढूं म्हणे. व्हॅरोच्या पाळीच्या दिवशीं लढाई झाली आणि रोमची फौज कापली गेली. पडलेल्यांची संख्या प्राचीन इतिहासकार पन्नास हजारांच्या आसपास किंवा त्याहूनहि अधिक देतात. पॉलस रणांत पडला. व्हॅरो उरलेसुरले लोक गोळा करून परतला, तेव्हां त्याला सुळीं देण्याऐवजीं लोक सामोरे गेले, आणि राज्याविषयीं त्यानें आशा सोडली नाहीं म्हणून सेनेटनें त्याचे आभार मानले. असल्या संकटासाठीं रोमजवळ एक औषध होतें. तें म्हणजे सहा महिन्यांपुरता नेमलेला डिक्टेटर. पण औषध तें औषध, रोजचें अन्न नव्हे, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. म्हणून हॅनिबलाचें युद्ध चालू असतांनाहि दरवर्षीं दोन कॉन्सल निवडले जातच राहिले.

विचारण्यांत थोडी कसर राहिली तर काय होतें, याचें उदाहरण स्वतः सिसेरो आहे. इ. स. पूर्व ६३ मध्यें तो कॉन्सल असतांना कॅटिलाइनचा कट उघडकीस आला. धरलेल्या पांच प्रमुख कटवाल्यांचें काय करावें, हें त्यानें सेनेटला विचारलें आणि सेनेटच्या मतानें त्यांना ठार केलें. पण लोकसभेकडे दाद मागण्याचा त्यांचा हक्क डावलला गेला. सेनेटला विचारलें, लोकांना विचारलें नाहीं. त्या वेळीं त्याचा जयजयकार झाला. परंतु पांच वर्षांनीं, इ. स. पूर्व ५८ मध्यें, याच कारणावरून त्याला देशत्याग करावा लागला.

यानंतर उतरण लागते. इ. स. पूर्व ५९ मध्यें ज्यूलियस सीझर आणि बिब्यूलस हे कॉन्सल होते. बिब्यूलस सीझरच्या कायद्यांना हरकत घेऊं लागला, तेव्हां त्याला भर चौकांत धक्काबुक्की झाली. मग उरलेलें वर्ष तो घरांत बसून राहिला आणि आकाशांत अपशकुन दिसत असल्याचीं पत्रकें काढीत राहिला. सीझर एकट्यानेंच कारभार करूं लागला. रोममधील थट्टेखोर लोक त्या वर्षाला बिब्यूलस आणि सीझर यांचें वर्ष न म्हणतां ज्यूलियस आणि सीझर यांचें वर्ष म्हणूं लागले. थट्टा खरी, पण तींत रोमच्या घटनेचें मरण होतें. दोन नांवें उरलीं, माणूस एकच. इ. स. पूर्व ५२ मध्यें पॉम्पीला तर जोडीदारावांचूनच कॉन्सल केलें. बरोबरीनें पाऊल टाकणारा सोबती आणि तो एकटा, ही भाषाच उलटी झाली. पण ती कोणाला खटकली नाहीं. इ. स. पूर्व ४५ च्या शेवटच्या दिवशीं एक कॉन्सल सकाळीं वारला, तेव्हां सीझरनें दुपारी रेबिलस नांवाच्या गृहस्थास उरलेल्या कांहीं तासांसाठीं कॉन्सल करून टाकलें. सिसेरोनें एका पत्रांत लिहिलें कीं, याच्या कारकीर्दींत कोणी जेवलें नाहीं आणि हा कॉन्सल इतका दक्ष कीं त्यानें सबंध कारकीर्दींत डोळा मिटला नाहीं. पत्र वाचणाऱ्याला हंसूं येईल, लिहिणाऱ्याला मात्र रडूं येत होतें, असेंहि त्यानें सुचविलें आहे.

ऑगस्टसनें हें सारें फार गोड हातानें केलें. तो तेरा वेळां कॉन्सल झाला. इ. स. पूर्व २३ मध्यें त्यानें दरसालचें कॉन्सलपद सोडलें. सोडणें त्याला परवडत होतें, कारण खरी सत्ता आतां दुसऱ्या नांवांखालीं त्याच्याजवळ होती. कॉन्सल पुढेंहि दरवर्षीं होत राहिले, झगा तोच, मोळ्या त्याच, वर्षाला नांवहि त्यांचेंच. फक्त कोणीं कोणाला विचारावयाचें नव्हतें. मुदत कांहीं महिन्यांवर आली. इ. स. १९० मध्यें कोमोडस बादशहाच्या वेळीं एका वर्षांत पंचवीस कॉन्सल झाले, कारण बादशहाचा एक मर्जीतला माणूस तीं पदें विकीत होता. शेवटीं कॉन्सलला लोकांना खेळ दाखविणें आणि नाणीं उधळणें एवढेंच काम उरलें. इ. स. ५४१ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथें बासिलियस हा बादशहाखेरीजचा शेवटचा कॉन्सल झाला. त्यानंतर लोक कांहीं काळ बासिलियसच्या कॉन्सलपदानंतरचें अमुकावें वर्ष असें मोजीत राहिले. ब्रूटसपासून बासिलियसपर्यंत सुमारें १,०५० वर्षें झालीं, आणि त्यांतलीं निम्म्याहून अधिक नुसत्या नांवाचीं.

हाच खेळ आधुनिक काळांत फ्रान्सनें फार थोड्या वेळांत करून दाखविला. नोव्हेंबर १७९९ मध्यें नेपोलियन बोनापार्टनें सत्ता हातीं घेतली. राजाचा शिरच्छेद केलेल्या देशांत राजा हें नांव चालणार नव्हतें. म्हणून रोमच्या भांडारांतून कॉन्सल हें नांव काढलें. कॉन्सल तीन नेमले. पण नव्या घटनेंत लिहिलें होतें कीं, दुसऱ्या व तिसऱ्या कॉन्सलला फक्त सल्ला देण्याचा अधिकार राहील आणि निर्णय पहिला कॉन्सल देईल. १८०२ मध्यें पहिला कॉन्सल तहहयात झाला आणि १८०४ मध्यें बादशहा. रोमला जो उतार उतरण्यास शतकें लागलीं, तो फ्रान्सनें पांच वर्षांच्या आंत उतरून दाखविला. लोकशाहीचें नांव घेऊन येणाऱ्या सत्तेची पारख तिच्या नांवावरून करूं नये. ती कोणाला विचारते आणि कोणाचा नकार ऐकते, यावरून करावी, एवढा धडा यांतून मिळतो.

आतां आपल्याला कांहीं शतकें मागें, इटलीकडे, गेलें पाहिजे; कारण आजच्या कॉन्सलचा जन्म राजवाड्यांत नव्हे, बाजारांत झाला आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस पिसा, मिलान, जिनोआ अशा नगरांनीं आपला कारभार स्वतः चालविण्यास आरंभ केला, आणि थोड्या मुदतीसाठीं निवडलेल्या कारभाऱ्यांना त्यांनीं कॉन्सल हें जुनें नांव दिलें. नगरांचे कॉन्सल झाले, तसे व्यापाऱ्यांच्या संघांचेहि झाले, आणि समुद्रावरचे तंटे तोडणारेहि झाले. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया येथें १२८३ मध्यें राजाच्या सनदेनें असें समुद्रकॉन्सलांचें न्यायालय स्थापन झालें. तारू बुडालें तर माल कोणाचा, खलाशाची मजुरी कोणीं द्यावयाची, असले तंटे दर्यावर्दी लोकांच्या रूढीप्रमाणें तेथें तोडीत.

व्यापारी परमुलखांत गेले, तेव्हां त्यांच्याबरोबर त्यांचा कॉन्सलहि गेला. अलेक्झांड्रियांत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचे वाडे असत. खालीं वखारी, वर राहण्याच्या खोल्या, आणि रात्रीं दरवाजा बाहेरून बंद. भाषा परकी, धर्म परका, कायदा परका. अशा ठिकाणीं आपल्या माणसांचे आपसांतले तंटे तोडणें, मेलेल्याचा माल त्याच्या वारसास पोंचविणें, तुरुंगांत पडलेल्यासाठीं तेथील अंमलदाराकडे रदबदली करणें, हें कॉन्सलचें काम. पुढें १५६९ मध्यें फ्रान्सनें तुर्की सुलतानाकडून अशा हक्कांचा करारच मिळविला. अशा रीतीनें कॉन्सुलेरेचा दुसरा अर्थ पदाला येऊन चिकटला. द्वितीया जाऊन चतुर्थी आली, असें आम्ही मास्तर लोक म्हणूं.

राजकीय वकील आणि कॉन्सल यांत म्हणूनच मुळापासून भेद आहे. पेशव्यांतर्फे दिल्लीस राहणारे हिंगणे हे वकील होते; एका दरबाराचें बोलणें त्यांनीं दुसऱ्या दरबाराशीं करावयाचें. कॉन्सलचें बोलणें दरबारापेक्षां बंदराशीं, कचेरीशीं, तुरुंगाशीं. वकील राज्यासाठीं, कॉन्सल माणसासाठीं. म्हणूनच एका देशांत वकिलात एक, पण कॉन्सल अनेक शहरीं असूं शकतात. मात्र ज्या देशांत जावयाचें त्या देशाची मान्यता त्यालाहि लागते. आपल्याच देशांतलें उदाहरण घ्या. अमेरिकेचा अध्यक्ष वॉशिंग्टन यानें १७९२ मध्यें बेंजामिन जॉय यास कलकत्त्याचा कॉन्सल नेमलें. जॉय १७९४ मध्यें येऊन पोंचला. पण ईस्ट इंडिया कंपनीनें त्याला कॉन्सल म्हणून मानण्याचें नाकारलें आणि व्यापारी अडत्या म्हणून काय तें राहूं दिलें. घरीं मिळालेली सनद परदारीं मान्य झाल्यावांचून कॉन्सल होत नाहीं.

शतकानुशतकांच्या या रूढी शेवटीं २४ एप्रिल १९६३ रोजीं व्हिएन्ना येथें एका आंतरराष्ट्रीय कराराच्या रूपानें लेखीं बांधल्या गेल्या. त्याचीं कलमें ७९. त्यांतलें ३६ वें कलम मला सर्वांत मोलाचें वाटतें. परदेशांत कोणा माणसास अटक झाली, तर त्याच्या कॉन्सलला कळविण्याचा त्याला हक्क आहे, हें त्याला विनाविलंब सांगितलें पाहिजे. आणि कॉन्सलला त्याची भेट घेण्याचा, त्याच्याशीं बोलण्याचा व त्याच्यासाठीं कायदेपंडित नेमून देण्याचा अधिकार आहे. हें कलम कागदावरचें नव्हे, हें आपण भारतीयांनीं अनुभवलें आहे. जाधव खटल्यांत पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानें २०१७ मध्यें भारतीय नागरिकास देहान्त शिक्षा सांगितली; तोंवर भारतीय कॉन्सलला त्याची एकदांहि भेट मिळाली नव्हती. भारतानें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दाद मागितली. १७ जुलै २०१९ रोजीं त्या न्यायालयानें पंधरा विरुद्ध एक अशा मतांनीं निर्णय दिला कीं ३६ व्या कलमाचा भंग झाला आहे. आणि शिक्षेचा फेरविचार करण्यास पाकिस्तानला सांगितलें. नगराच्या सीमेंत मोळींतली कुऱ्हाड काढून ठेवावी लागे, तिच्याच मागचें तत्त्व येथें पुन्हा भेटतें. माणसाला एकटें गांठून त्याचा जीव घेऊं नये. त्याच्या बाजूनें विचारणारा कोणी तरी असावा.

कधीं कधीं कॉन्सलला स्वतःच्या वरिष्ठांच्या नकारापुढेंहि उभें राहावें लागतें. १९४० च्या जुलै-ऑगस्टमध्यें लिथुएनियांतील कौनस शहरीं चिऊने सुगिहारा हा जपानचा उपकॉन्सल होता. कचेरीच्या दाराशीं ज्यू निर्वासितांची रीघ लागली. जपानमार्गें पुढें जाण्याचा परवाना मिळाला तर जीव वांचणार होता. सुगिहारानें टोकियोस विचारलें; नियमांत बसत नाहीं, असें उत्तर आलें. पुन्हा विचारलें, पुन्हा नकार. मग त्यानें आपल्या जबाबदारीवर हातानें परवाने लिहावयास घेतले, आणि कचेरी बंद होईपर्यंत दोन हजारांहून अधिक परवाने दिले. त्याच्याजवळ ना फौज होती, ना मोळ्या, ना कुऱ्हाड. दौत, लेखणी आणि शिक्का एवढीच त्याची सत्ता. तरीहि रोमच्या कित्येक विजयी कॉन्सलांपेक्षां त्याच्या हातून अधिक माणसांचे प्राण राखले गेले असतील.

श्रोतेहो, पदें येतात, जातात. कित्येकदां सत्ता निघून गेल्यावरहि नांव मागें राहतें आणि लोक त्या पोकळ नांवालाच मुजरा करीत राहतात. बासिलियसच्या वेळचें रोम पाहा. परंतु कॉन्सल या नांवाचें भाग्य निराळें. राजाच्या जागीं बसलेला कॉन्सल नाहींसा झाला, आणि व्यापाऱ्याच्या वखारींत बसलेला टिकला. कारण त्याच्याकडे येणाऱ्याचें काम अजून संपलेलें नाहीं. आपल्या गांवोगांवचीं मुलें आज दूरदेशीं जातात. त्यांच्या निरोपाच्या वेळीं आपण इतर चार गोष्टी सांगतों, तशीच ही एक सांगून ठेवावी. ज्या शहरीं जाल, तेथला आपला कॉन्सल कोठें असतो, तें आधीं पाहून ठेवा. अडचणीच्या वेळीं त्याच्या दाराशीं जाण्यांत संकोच कसला? विचारणें हें तर त्याचें नांवच आहे.